कॅप्टन कडकडचं बटण

आमच्या छापखान्यात एक नियम आहे. तो मालकांनी केलेला असल्यामुळे नियम कमी आणि हवामान जास्त आहे. तक्रार करता येते, बदलता येत नाही.

आम्ही दर आठवड्याला 'कॅप्टन कडकड' नावाची हाणामारीची चित्रकथा काढतो. तिचा कुठलाही भाग छापायला जाण्याआधी एका कोऱ्या माणसाने वाचायचा, हा तो नियम. कोरा म्हणजे ज्याने कॅप्टन कडकड आयुष्यात वाचलेला नाही, आणि वाचायची इच्छाही नाही. त्याने 'पास' म्हटलं की भाग जसा वाचला तसाच छापायचा, काना-मात्रेचाही फरक नाही. 'नापास' म्हटलं की भाग रद्दीत. रस्त्यावरच्या परक्या माणसाला मागचंपुढचं काही माहीत नसताना एकच भाग वाचून मजा आली पाहिजे, असं मालकांचं म्हणणं. त्यांचं पहिलं मासिक त्यांच्या साडूंना फार आवडलं होतं. साडूंशिवाय ते कुणालाच आवडलं नाही. तेव्हापासून मालकांचा नातेवाइकांच्या मतावरचा विश्वास उडाला, आणि साडूंवरचाही.

कोरी माणसं शोधून आणणं ही माझी नोकरी.

ऐकायला सोपं वाटतं. पण कोरा माणूस एकदाच वापरता येतो. वाचला की मळला. आसपासचे न्हावी, शिंपी, वकील, दंतवैद्य आणि दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेले, म्हणजे नाही म्हणू न शकणारे पेशंट, असे सगळे मी केव्हाच वापरून टाकलेत. आता मी रस्त्याने चाललो की लोक दुकानाची शटरं खाली ओढतात.

नियमाला दोन शेपट्या आहेत. पहिली, वाचणाऱ्याशी कुणी एक अक्षर बोलायचं नाही. बोललं की भाग बाद. तो काचेच्या खोलीत वाचत बसतो आणि मी समोर तोंडाला कुलूप लावून राखण करतो. दुसरी, पास होण्याआधी पानांवर आकडे घालायचे नाहीत. आकडे आधी घातले की भाग नापास होतो, अशी मालकांची खात्री आहे. त्यामुळे मूळ पानं बिनआकड्यांची आत जातात आणि पास झाल्यावर अक्षरकाका, म्हणजे आमचे फुग्यांतले संवाद लिहिणारे म्हातारे गृहस्थ, झोकात एक, दोन, तीन घालतात.

एवढं सगळं सांगतोय कारण त्या दिवशी ताईचा भाग होता.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. कॅप्टन कडकडचे मूळ चित्रकार, आमचे गुरुजी, स्फोट काढून काढून कंटाळले आणि घरी बसले. हल्ली ते फक्त भोपळे रंगवतात. भोपळा शांत असतो म्हणतात. ताई त्यांच्या हाताखाली मागची चित्रं काढायची. कॅप्टन आणि खलनायक गुरुजींचे. मागच्या इमारती, खिडक्या, धूर ताईचा. कॅप्टनने आजवर फोडलेली प्रत्येक वीट माझ्या बहिणीने काढलेली आहे. सोमवार ते गुरुवार ती एक भिंत रचायची आणि शुक्रवारी गुरुजी त्यातून कुणालातरी आरपार फेकायचे.

गुरुजी घरी बसल्यावर प्रश्न आला, कॅप्टन कुणाचा? दोन उमेदवार. एक ताई, आणि दुसरा मालकांचा भाचा, ज्याला आम्ही स्नायू म्हणतो. तो सगळ्या गोष्टींना स्नायू काढतो. दंडाला काढतो ते ठीक. तो कानाच्या पाळीलाही काढतो. त्याच्या एका चित्रात किटलीला सहा स्नायू होते.

मालकांनी निकाल लावला. "आधी ताईचा भाग. पास झाला तर कॅप्टन तिचा. नाही झाला तर भाच्याचा भाग तयारच आहे, आणि ताईने मुकाट्याने विटा काढायच्या."

"जन्मभर?" ताईने विचारलं.

"विटांना कुठे मरण असतं?" मालक म्हणाले.

ताईने भाग लिहिला आणि काढला. पहिल्याच पानावरून तिचं आणि मालकांचं वाजलं. पहिल्या पानावर कॅप्टन स्वयंपाकघरात बसलाय. त्याच्या झग्याचं बटण तुटलंय आणि त्याची आई ते लावून देतेय. आई म्हणते, "भांडू नकोस रे कुणाशी." कॅप्टन म्हणतो, "नाही गं." बस, एवढंच पान.

"हाणामारीच्या कथेत बटण?" मालक ओरडले. "लोक पैसे देतात ते दात पडताना बघायला!"

"पुढे सतरा दात पडतात. मोजून घ्या."

"मग बटणाचं पान काढून टाक."

"बटण काढलं तर झगा उघडा राहील आणि मग तुम्ही वेगळंच ओरडाल."

मालक म्हणाले, "कोरा माणूस ठरवेल." हे ते हरल्यावर म्हणतात.

आता कोरा माणूस आणायचा होता मला. आणि बहिणीचं भवितव्य पणाला असताना नेमकं बाजारात कोरं कुणी मिळेना. शेवटी देवासारखी खालच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली आणि तिचं नुकसान तपासायला विमा कंपनीचा माणूस आला. पँटचे पाय दुमडून, हातात मोजायची टेप घेऊन तो गुडघाभर पाण्यात उभा होता आणि भिंतीकडे बघून मान हलवत होता.

"कॅप्टन कडकड माहीत आहेत?" मी विचारलं.

"त्यांच्या घरीही पाणी शिरलं का?" त्याने थकून विचारलं.

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. इतका कोरा माणूस मी वर्षभरात पाहिला नव्हता.

ताईने त्या सकाळी शेवटच्या पानावर शाई फिरवली होती. मी विम्याच्या तपासनिसाला वर आणून काचेच्या खोलीत बसवलं, तिच्या टेबलावरून पानं उचलली आणि आत नेऊन त्याच्यासमोर ठेवली. दार लावलं. समोरच्या स्टुलावर बसलो. काचेपलीकडे सगळे ओळीने उभे राहिले: मालक, स्नायू, अक्षरकाका आणि ताई. ताई शर्टाच्या बाहीचं बटण पिळत होती. घाबरली की पिळते.

तपासनिसाने चष्मा पुसला, वरचं पान उचललं, आणि माझी पाचावर धारण बसली.

ते शेवटचं पान होतं.

झालं असं की शाई ओली असताना पान गठ्ठ्यात खाली घालता येत नाही; डाग पडतो. म्हणून चित्रकार पूर्ण झालेलं पान नेहमी वर ठेवत जातो, आणि संपलं की गठ्ठा उलटा झालेला असतो. आत नेण्याआधी तो एकेक पान काढून सुलटा लावायचा, हे माझं काम. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही धंद्यात ही चूक पानावरचा आकडा बघून लगेच कळली असती. आमच्याकडे आकडा अशुभ.

आणि मला बोलता येत नव्हतं. बोललो तर भाग बाद.

मी खोकलो. त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी बोट हवेत गोल फिरवून 'उलटं करा, उलटं' अशी खूण केली. त्याने समजून मान डोलावली, उठला आणि पंखा लावला. पानं फडफडायला लागल्यावर त्याने त्यांच्यावर आपली टेप ठेवली आणि माझ्याकडे बघून हसला, की बघा, केली ना सोय. काचेपलीकडून ताई दोन्ही हातांनी मला विचारत होती, काय झालं? मीही दोन्ही हातांनी उत्तर दिलं. ते उत्तर छापण्यासारखं नव्हतं.

तपासनीस वाचू लागला.

आता त्याच्यासमोर काय होतं ते सांगतो. पहिल्याच चित्रात अख्खं शहर भुईसपाट. पूल मोडलेला, घड्याळाचा मनोरा आडवा, एक बस झाडावर. ढिगाऱ्यावर कॅप्टन कडकड, आणि त्याचा पाय प्राध्यापक पाताळाच्या छातीवर. हा पाताळ आमचा खलनायक. जमिनीतून वर येतो, त्यामुळे त्याचे कपडे कायम मळलेले. कॅप्टन म्हणतोय, "संपला तुझा खेळ!" आणि खाली कोपऱ्यात: क्रमशः.

तपासनिसाने सवयीने खिशातलं पेन काढलं आणि पुटपुटू लागला, "पूल, एक. मनोरा, एक. बस... बस दुरुस्त होईल." चेहरा असा, जणू कुणी त्याला सुट्टीच्या दिवशी ऑफिसात बोलावलंय.

त्याने दुसरं पान घेतलं. त्यात मनोरा अर्धा उभा होता. त्याने मागचं पान पुन्हा बघितलं, मग हे बघितलं. भुवया वर गेल्या. तिसऱ्या पानावर मनोरा पूर्ण उभा, घड्याळासकट. पाचव्यावर पूल जोडलेला. सातव्यावर बस झाडावरून उतरून रस्त्याला लागली आणि तिच्यात माणसं बसली. त्याने पेनाला टोपण लावलं. मी इतक्या जणांना वाचताना बघितलंय. कुणाला पेनाला इतक्या हळू टोपण लावताना बघितलं नव्हतं.

मग पाताळ आणि कॅप्टन बाजारात समोरासमोर आले. पाताळ म्हणाला, "आज तुझा शेवट!" पण मारामारी मागच्या पानांत होऊन गेली असल्यामुळे पुढच्या पानावर काहीच झालं नाही. पाताळ मुकाट्याने जमिनीत परत गेला आणि वरची फरशी नीट बसली. तपासनीस "वा" म्हणाला. मोठ्याने. त्याला बोलायची परवानगी आहे, मला नाही.

शेवटी कॅप्टन घरी आला. आईने झग्याला बटण लावलं. "भांडू नकोस रे कुणाशी." "नाही गं."

तपासनिसाने चष्मा काढला. बराच वेळ तो पंख्याकडे बघत होता. माझा अंदाज आहे की डोळे वाळवत होता.

मी दार उघडलं. सगळे आत घुसले.

"पास की नापास?" मालकांनी विचारलं.

"पास म्हणजे काय!" तपासनीस उभा राहिला. "साहेब, मी इतकी वर्षं नुकसानीची कामं बघतोय. मी पोचतो तेव्हा सगळं मोडून झालेलं असतं. लोक रडून झालेले असतात. आयुष्यात आज पहिल्यांदा मी वेळेवर पोचलो. आणि काय तो माणूस, तुमचा कॅप्टन! आधी एवढा धिंगाणा घातला, पण एकेक गोष्ट जागच्या जागी लावून मग घरी गेला. त्या मळक्या गृहस्थालाही समज देऊन घरी पाठवलं. आणि शेवटी आईला शब्द दिला. मला तर पहिल्याच पानावर 'क्रमशः' वाचलं तेव्हाच वाटलं, माणूस प्रामाणिक आहे, आधीच सांगून मोकळा."

मालकांना यातलं काहीही कळलं नाही, पण 'पास' कळलं. त्यांनी ताईच्या पाठीवर थाप मारली. अक्षरकाकांनी शाईची बाटली उघडली. स्नायूचा चेहरा पडला. आणि तो चेहराही असा पडला की मला त्यात स्नायू दिसले.

मी ठरवलं, गप्प बसायचं. झाकली मूठ आहे, उघडायची कशाला? मी ताईकडे बघितलं आणि डोळ्यांनी म्हटलं, गप्प. आणि लगेच मला कळलं की ती गप्प बसणार नाही, कारण ती तिचा खालचा ओठ चावत होती. मी तिच्या पायावर पाय द्यायला गेलो. उशीर झाला.

"थांबा," ताई म्हणाली. "त्यांनी उलटं वाचलंय."

अक्षरकाकांनी बाटलीला पुन्हा बूच लावलं.

"म्हणजे?" मालक.

"म्हणजे शेवटचं पान आधी आणि पहिलं शेवटी. बटण पहिल्या पानावर आहे."

"बाद!" स्नायू ओरडला. "मामा, बाद! चुकीचं वाचलं!"

"चूक याची," ताईने माझ्याकडे बोट केलं. सख्खी बहीण.

"कुणी बोललं का त्यांच्याशी?" मालकांनी मला विचारलं.

"एक अक्षर नाही. मी फक्त खुणा केल्या. त्यांनी पंखा लावला."

"पंखा म्हणजे बोलणं नव्हे," मालक म्हणाले आणि विचारात पडले. ते विचार करतात तेव्हा कान हलतात. स्नायू बहुधा त्यांच्यावरच गेलाय. "नियम काय सांगतो? भाग जसा वाचला तसा छापायचा. सुलटाच वाचला पाहिजे असं नियमात कुठे म्हटलंय? तेव्हा भाग बाद नाही. पण छापला तर उलटाच छापायचा. नाहीतर नाही."

"मामा, लोक हसतील!"

"तुझ्या किटलीला हसले नाहीत का?"

ताईचा चेहरा उतरला. "माझा पहिला भाग आहे. सहा महिने डोक्यात होता. मारामारी कशी चढत जाते, शेवटी मनोरा कसा पडतो... सगळं त्या मनोऱ्यासाठी होतं." ती तपासनिसाकडे वळली. "काका, एकदा सुलटा वाचाल? या नियमासाठी नाही, मला कळावं म्हणून."

"सुलटा वाचला तर काय होतं?"

"बटण लावून कॅप्टन घराबाहेर पडतो. पाताळ वर येतो. बाजार मोडतो, मग पूल, मग मनोरा. बस झाडावर जाते."

"आणि मग?"

"मग संपतं. क्रमशः."

"म्हणजे आईला 'नाही गं' म्हणून सांगतो आणि लगेच जाऊन..." तपासनिसाचा चेहरा पुन्हा खालच्या मजल्यावर पाण्यात उभा होता तसा झाला. "नको हो ताई. रागावू नका. पण तो भाग मला रोज वाचायला मिळतो. आत्ताही खाली पाच खोल्या पाणी आहे." मग पानांवर बोट ठेवून म्हणाला, "पण विटा मात्र काय सुंदर काढल्यात. कुणी काढल्या?"

इतक्या वर्षांत छापखान्यात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

"मीच," ताई म्हणाली.

"प्रत्येक वीट वेगळी आहे. मोडलेल्या असताना लक्षात येत नाही. मनोरा उभा राहिला तेव्हा दिसलं."

ताई बाहीचं बटण पिळत होती. ते तिच्या हातात आलं. तिने त्याच्याकडे बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे. मग पानांचा गठ्ठा उचलला, होता तसाच, ढिगारा वर आणि स्वयंपाकघर तळाला, आणि अक्षरकाकांसमोर ठेवला.

"घाला आकडे," ती म्हणाली.

"असेच?" अक्षरकाकांनी विचारलं.

"असेच. वर्षानुवर्षं सोमवारपासून भिंत रचायची आणि शुक्रवारी ती पडायची. एकदा तरी पडलेली उभी राहू दे."

"पण ताई, आता शेवटी आलेल्या पानावर वर 'मागील भागावरून पुढे' असं लिहिलंय. त्याचं काय करू?"

"राहू दे. पटलं तर वाचतील."

अक्षरकाकांनी ढिगाऱ्यावर भलामोठा एक घातला. स्नायू स्वतःचा भाग काखेत मारून निघाला आणि दारात थांबला. "पण पुढच्या भागाचं काय?" त्याने विचारलं. "कॅप्टन घरी बसलाय, बटण लावलेलं आहे, भांडणार नाही म्हणतोय. आता त्याला बाहेर कसा काढणार?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मालकांचे कान हलायला लागले.

"ते तिचं डोकं," मालक शेवटी म्हणाले. "कॅप्टन आता तिचा."

तपासनीस निघताना मी त्याला म्हटलं, "आता तुम्ही मळलात. पुढचा भाग फुकट नाही."

"विकत घेईन," तो म्हणाला. "आणि काय छान युक्ती शिकलो! आता सगळी पुस्तकं अशीच शेवटच्या पानापासून वाचणार."

"हे नको!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. स्नायूसुद्धा.

घरी आईने दार उघडलं. आई सकाळी ताईला एकच वाक्य सांगून पाठवते, आणि ते कुठलं हे आता सगळ्या जगाला कळणार होतं.

"भांडलीस का कुणाशी?"

"नाही गं," ताई म्हणाली.

मी मूग गिळले.

"भाग पास झाला?"

"झाला. उलटा."

"उलटा म्हणजे नापास?"

"नाही गं, उलटा पास."

आईने जरा विचार केला आणि पटलं. "पायाळूच ना तू. जन्मलीस तीही पायांकडून, आता काय नवीन." तिने ताईच्या बाहीकडे बघितलं. "बटण कुठे गेलं? काढ तो शर्ट इकडे."

ताईने मुठीतलं बटण दिलं. आई सुईदोरा घेऊन बसली. मी पिशवीतून शेवटच्या पानाची, म्हणजे आता खरोखरच्या शेवटच्या पानाची, नक्कल काढून तिच्यासमोर धरली: स्वयंपाकघर, झगा, बटण, सुई धरलेली आई. आईने चष्मा वर केला आणि बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता हिलाही पंखा लावावा लागणार.

"हे नाक माझं?" आई म्हणाली.

"कुणाचंही असू शकतं," ताई म्हणाली.

"एवढं मोठं?"

"आई, कथेतली आई आहे ती."

"मग कथेतलं नाक काढायचं होतंस. माझं कशाला काढलंस? आणि छापून येणार हे? दुकानात लटकणार?"

"तुझं नाक तसंच आहे, त्याला मी काय करू?"

आणि मग दोघी भांडल्या.